पुलापलीकडचं गाव

मॅडम तिसऱ्यांदा पुलावरून खाली पडल्या.

एका मोठ्या कंपनीसाठी गेम निवडायला त्या प्रदर्शनात आल्या होत्या. त्यांनी हो म्हटलं तर सहा वर्षं घरी बसून एकट्याने बनवलेला त्याचा हा कॉम्प्युटर गेम लोकांपर्यंत जाणार होता. नाहीतर पुन्हा जुनं ऑफिस आणि साहेबाची हांजी हांजी. तो त्यांच्या खुर्चीमागे उभा राहून घाम पुसत होता.

"उडी जरा उशिरा मारा," तो म्हणाला.

"उशिरा म्हणजे कधी?"

ते त्याला सांगता येईना. त्याच्या बोटांना ते कधीच पाठ झालं होतं.

पूल मुळात एवढा अवघड नव्हता. रोज संध्याकाळी तो आईला खेळायला बसवायचा, दुसरं होतं कोण? आई चष्मा पुसून बसायची आणि पूल ओलांडून म्हणायची, "हे काय, लगेच झालं की." मग तो एक फळी काढायचा, वारा वाढवायचा. चार दिवसांत आई तेही जमवायची. साठी उलटलेल्या बाईला जमतं म्हणजे कुणालाही जमेल, असं तो धरून चालला. आई सहा वर्षं तालीम करतेय, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

चौथ्यांदा पडल्यावर मॅडम उठल्या.

"मेहनत दिसते हो. पण आता कॉम्प्युटरसमोर एवढं बसतं कोण? दोन मिनिटांत काही घडलं नाही की लोक दुसरा गेम उघडतात. एआय तर रोज ढीगभर पाडतंय."

"मॅडम, पुलापलीकडे गाव आहे. खरा गेम तिथे सुरू होतो."

"असेल ना," म्हणत त्या शेजारच्या टेबलाकडे वळल्या. त्याला रडू येत होतं आणि रागही, बहुतेक स्वतःचाच.

इतका वेळ मागे बसलेली आई मॅडमच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली. तिने चष्मा पुसला आणि एका दमात पूल पार केला.

"बंद कर आई."

"थांब रे."

गावाच्या वेशीवरच्या म्हाताऱ्याने नेहमीप्रमाणे विचारलं, 'मागून आणखी कुणी येतंय का?' आई दरवेळी 'हो' दाबायची, मग तो फाटक उघडं ठेवायचा.

आज मुलाने पुढे वाकून 'नाही' दाबलं. म्हाताऱ्याने कंदील उचलला आणि फाटक लावून घेतलं.

 आईने चष्मा काढून डबीत ठेवला.