खेळाला लावलेली तीट

शोभनाताईंचा एक नियम होता. पोरीचं कौतुक करायचं ते मनातल्या मनात, तोंडातून बाहेर पडलं की दृष्ट लागते. पुरावाही होता त्यांच्याकडे. रुचा शाळेत असताना एकदा टेक्सासमधल्या त्यांच्या गावच्या, शुगर लँडच्या गणपतीत, आरती झाल्यावर, त्यांनी चारचौघींत तिच्या पोहण्याचं तोंडभर कौतुक केलं. दुसऱ्याच दिवशी पोरगी सायकलवरून पडली आणि हात मोडून घेतला. झालं, तेव्हापासून बाईंच्या तोंडाला कुलूप. पहिला नंबर आला तर ‘बरंय’, आणि ग्रॅज्युएशनला ‘केस नीट बांधायचे होतेस’.

त्यामुळे रुचाने ऑइल कंपनीतली नोकरी सोडून देवांग नावाच्या मित्राबरोबर व्हिडिओ गेम करायला घेतला आणि आई गप्प राहिली, तेव्हा हा राग आहे असं रुचाला वाटलं. आता तुम्हीच सांगा, तिचं काय चुकलं? सुरुवातीला राग होताही. ‘इंजिनिअर झालीस ती खेळातली यानं उडवायला का?’ असं बाई बोलून गेल्या होत्या.

गेम असा, की अवकाशात एक जुनं, खडखडणारं यान तुमच्या हाती येतं. एका ग्रहावर माल भरायचा, दुसऱ्यावर विकायचा. वाटेत लुटारू आडवे आले तर लढायचं, नाहीतर पळ काढायचा. गेम बाजारात आला त्या आठवड्यात शोभनाताईंनी तो गुपचूप विकत घेतला, पोरीने एवढं काय केलंय ते बघावं तरी म्हणून. आणि लागला की हो नाद. अरुणराव ऑफिसला गेले, रुचा गराजमधल्या तिच्या टेबलाशी बसली, की बाई कुकर लावून यानात. बाहेर टेक्सासचं ऊन रणरणतंय, आत एसी चालू, आणि या निघाल्या बियाणं घेऊन पलीकडच्या ग्रहावर. लढाई काही जमेना, लुटारू दिसला की त्या धूम ठोकत. पण भाव बघून माल घेण्यात त्यांना भारी मजा यायची. दोनदा डाळ करपली, तर अरुणरावांना म्हणाल्या, गॅसच बिघडलाय.

सगळ्यात शेवटच्या स्टेशनवर एक म्हातारी होती. कुठलंही यान आलं की ती आधी विचारायची, ‘जेवलास का?’ मग यान फुकटात दुरुस्त करायची आणि वर दोन शब्द सुनवायची की चालवता येत नाही तर निघालात कशाला. शोभनाताई पहिल्यांदा तिथे पोचल्या तेव्हा बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसल्या. कमरेवर हात ठेवून बोलण्याची ती तऱ्हा त्यांचीच होती.

खेळणारे टोपणनावाने गेमखाली आपलं मत लिहायचे आणि अंगठा वर किंवा खाली करायचे; कोण किती तास खेळलंय तेही शेजारी दिसायचं. जेवताना रुचा ती मतं वाचून दाखवायची. ओहायोचा एकजण लिहितो, लढाईच्या नादात ओव्हनमधला पिझ्झा जळाला, पण पस्तावा नाही. एक बाई म्हणते, व्यापार फार संथ आहे, लायसन्सच्या रांगेत उभं राहिल्यासारखं वाटतं, तरी रोज खेळते. नेब्रास्काचा एक ट्रकवाला लिहितो, मी दिवसभर माल वाहतो आणि घरी येऊन पुन्हा मालच वाहतो, त्या म्हातारीसाठी. सगळ्यांचे अंगठे वर, एकही खाली नाही. बेलव्ह्यूच्या एका मोठ्या कंपनीची नजर त्यावर गेली होती. शुक्रवारी फोन करून गेम घेणार की नाही ते सांगणार होते. नाही म्हणाले तर रुचाला पुन्हा नोकरी बघावी लागणार होती.

आणि नेमका शुक्रवारी सकाळी एक अंगठा खाली.

रुचा लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आली. चेहरा पार उतरलेला. “आई, हे मराठीत आहे. मला वाचता येत नाही आणि ट्रान्सलेट केलं तर काहीतरी भलतंच येतंय, बाळ आणि काजळ. प्लीज, वाच ना.”

ते मत शोभनाताईंचंच होतं. करायला गेले गणपती आणि झालं माकड, दुसरं काय. क्षणभर वाटलं, काहीतरी रचून सांगावं.

“खोटं नको सांगूस हं, मला बरं वाटावं म्हणून,” रुचा म्हणाली. “हा सगळ्यांपेक्षा जास्त खेळलाय. याला आवडलं नसेल तर याचंच खरं असणार.”

मग काय करणार? हात पुसून त्यांनी चष्मा लावला.

“लढाई मला जमत नाही, मी पळते,” त्या वाचू लागल्या. “पण व्यापारात गोडी आहे. शेवटच्या स्टेशनवरची म्हातारी माझ्या ओळखीची निघाली. जिने हा गेम केला त्या मुलीने आपल्या आईकडे किती मायेने बघितलंय. आईने मात्र तिला आजवर सांगितलं नाही, की बाळा, फार सुंदर काम केलंस.” इथे त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. “सगळेच अंगठे वर बघून जीव घाबरला. एवढ्या गुणी बाळाला काजळाची तीट नको का? म्हणून हा एक अंगठा खाली.”

कुकरची शिट्टी झाली. कुणीच गॅस बंद केला नाही.

“तू?” रुचा म्हणाली.

“थांब, आत्ता वर करते. बटण कुठलं ते सांग.”

रुचाने लॅपटॉप छातीशी धरला. “राहू दे.”

“अगं, पण बेलव्ह्यूवाले...”

“आई, राहू दे. मला पुन्हा वाचून दाखव.”

त्या पुन्हा वाचत असतानाच फोन आला. कंपनीची प्रीता पहिलंच विचारती झाली, सगळ्यात जास्त खेळणाऱ्याचाच अंगठा खाली कसा? रुचाने आईकडे बघितलं आणि इंग्रजीत सगळं खरं सांगितलं, दृष्ट, तीट, आणि डाळ दोनदा का करपली असणार तेसुद्धा. शोभनाताईंनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. मग प्रीता हसली ती थांबेचना. म्हणाली, करपलेली डाळ हेच खरं मत, गेम आम्ही घेतोय.

संध्याकाळी अरुणराव घरात पाऊल टाकतात तोच शोभनाताई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. कमरेवर हात नव्हते. “आपल्या रुचाने फार सुंदर काम केलंय,” त्या मोठ्याने म्हणाल्या, अगदी शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

रुचाने डोळे पुसले. “आई, मग आता मी सायकलवर एक चक्कर मारून येऊ?”

“आज घरातच बस,” शोभनाताई म्हणाल्या.