गल्लीचा ट्रान्सफॉर्मर कुणी नेला?

मित्रांनो, गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांवर बसलेला जुना ट्रान्सफॉर्मर मीच. तांब्याच्या तारा गुंडाळून, तेलात बुडवून मला घडवलं. मोठ्या दाबाची वीज घ्यायची आणि घरांना सोसेल एवढी उतरवून द्यायची, हे माझं काम.

या शहरात वीज विकण्याचा हक्क एकट्या आमच्या कंपनीला आहे. तो तिला एका अटीवर मिळाला: मागेल त्या प्रत्येक घराला पुरेशी वीज द्यायची. कंपनीची ती अट वर्षानुवर्षं मी पाळली. लोक कौतुकाने सांगायचे, “आमच्याकडे दिवा मिणमिणतसुद्धा नाही.”

मग घरं वाढली. शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या नवऱ्याला, भाऊंना, ऑक्सिजनचं यंत्र लागलं. मला भार झेपेना, तेल गळू लागलं. कंपनीने माझ्या जागी दुप्पट ताकदीचा ट्रान्सफॉर्मर पाठवला. तो माझ्या पायथ्याशी उतरवलाही. दुसऱ्याच दिवशी तो उचलून न्यायला ट्रक परत आला. रस्त्यापलीकडे संगणकांचं अवाढव्य केंद्र उभं राहिलं होतं आणि त्याला वीज कमी पडत होती.

“अहो, आमचा पाहुणा कुठे नेताय?” मावशी शिवणयंत्र सोडून धावल्या.

“वरून हुकूम आहे, मावशी,” लाइनमन म्हणाला.

“वरून म्हणजे खांबावरून? तिथे तर हा म्हातारा बसलाय!”

लाइनमन हसला. ट्रक मात्र गेला.

उन्हाळ्यात माझा फ्यूज रोज उडू लागला. फ्यूज म्हणजे मुद्दाम बारीक ठेवलेली तार. भार वाढला की ती वितळते आणि मी वाचतो. तक्रारींना कंटाळून कंपनीच्या साहेबांनी लाइनमनला फर्मावलं, “जाड तार टाक. कटकट मिटेल.”

“म्हातारा मरेल, साहेब.”

“मरेल तेव्हा बघू.”

लाइनमनने जाड तार बांधली. आज भर दुपारी मी जळालो.

भाऊंचं यंत्र बंद पडलं. शेजाऱ्यांनी त्यांना खुर्ची आणि यंत्रासकट उचलून केंद्राच्या फाटकावर नेलं. पहारेकऱ्याच्या खोलीत मावशींनी स्वतः यंत्राची पिन खोचली.

व्यवस्थापक धावत आला. “बाई, ही वीज केंद्राची आहे!”

“आमच्या दारातून उचललेल्या ट्रान्सफॉर्मरची आहे,” मावशी म्हणाल्या. “लावा बघू पिनेला हात.”

कुणी लावला नाही.

मित्रांनो, केंद्र मोठं गिऱ्हाईक आहे, असं कंपनी म्हणते. असेल. त्याला वीज जरूर द्यावी, पण त्यासाठी नवी यंत्रं आणावीत. गल्लीच्या तोंडचा घास काढून कसली सेवा करता? जुन्या वस्तू जपा, असं मी सांगणार नाही. मला खुशाल भंगारात टाका. पण मोठे झालात की कंपनीच्या दारात उभे राहून जाब विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत हलू नका.

आता ऊन उतरलं आहे. भाऊ अजून त्या पहारेकऱ्याच्या खोलीतच श्वास घेतायत. कंपनीचा एकही माणूस इकडे फिरकलेला नाही.