गेंडा, महाबली आणि मावशी

जुन्या पिकअपची चासी तुटली आणि थोरल्याने घरात जाहीर केलं, की आता नवीन गाडी घ्यायची, आणि ती सगळ्यांच्या विचाराने घ्यायची. या घरात यापूर्वी एकही गोष्ट सगळ्यांच्या विचाराने झालेली नव्हती, त्यामुळे धोका कोणाच्या लक्षात आला नाही.

घरचा धंदा तिजोऱ्यांचा. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केलेला. तिजोऱ्या विकायच्या, दुरुस्त करायच्या आणि मुख्य म्हणजे हलवायच्या. पेढी जागा बदलते, सोनार दुकान वाढवतो, कोणाचा बाप वारतो आणि तीन मुलांना तिजोरी तिघांच्या घरी हवी असते. अशा वेळी यांना बोलावणं येतं. चेनपुली, पहारी, गोल पाइप, लाकडी ठोकळे आणि तोंडात अखंड 'हळू, हळू, हळू' एवढ्या भांडवलावर दोघे भाऊ कितीही अवजड तिजोरी जिना उतरवून आणत. कारखान्याच्या दारावर पाटी होती : 'तिजोरीवाले बंधू'.

अवजड मालाला गाडीही अवजड लागते. बाजारात तशा डिझेल पिकअप दोनच. एक महाबली आणि दुसरी गेंडा. महाबली निळी, चौकोनी, कपाटाला चाकं लावावीत तशी. गेंडा लाल, तिच्या बॉनेटवर कंपनीने खरोखरच एक छोटं शिंग बसवलेलं होतं. दोन्ही गाड्या चांगल्या होत्या. अडचण एवढीच, की महाबलीच्या शोरूममध्ये थोरल्याचा मेहुणा विक्रीला होता आणि गेंड्याच्या शोरूममध्ये धाकट्याचा साडू.

"दाजी, टॉर्क बघा," मेहुणा म्हणाला. "महाबलीचा टॉर्क म्हणजे टॉर्क आहे."

टॉर्क म्हणजे काय हे थोरल्याला माहीत नव्हतं, पण तो आपल्या बाजूला आहे हे ऐकून त्याला बरं वाटलं. त्याने रात्रीच्या जेवणावर टॉर्क काढला. धाकट्याने पेलोड काढला. धाकट्याला पेलोड कळत होता असंही नाही, पण साडूने तो शब्द टेबलावर मूठ आपटून उच्चारला होता, तेव्हा धाकट्यानेही आपटली. आमटी सांडली.

"गेंडा घेतला तर लोक विचारतील, दोघांतला कुठला?" थोरला म्हणाला.

"आणि महाबली घेतली तर विचारतील, चालवणारा मग का असा?" धाकटा म्हणाला.

इथपर्यंत सगळं गमतीत चाललं होतं. मग थोरल्याच्या तोंडून निघून गेलं, की तुझ्या साडूने तुला बायको दाखवली तेव्हापासून तू त्याच्या डोक्याने चालतोस. धाकटा ताटावरून उठला. दारात थांबून म्हणाला, "दादा, महाबली आली तर माझा धंदा वेगळा. मी गेंडा घेईन आणि एकटा करीन."

"कर की!" थोरला म्हणाला. हे तो म्हणाला खरं, पण रात्रभर त्याला झोप आली नाही. तिजोरी उतरवताना खालच्या बाजूला नेहमी धाकटा असायचा. वरून दोर सोडणाऱ्याला खालच्या माणसावर भरवसा लागतो. खाली कोणी परका उभा आहे अशी कल्पना थोरल्याने करून पाहिली, आणि त्याचे तळहात घामाने भिजले. पण सकाळी उठून हे सांगायला जावं, तर धाकटा कारखान्यात शीळ घालत होता, तीही गेंड्याच्या जाहिरातीतली. थोरल्याने तडक पेंटरला निरोप धाडला, की पाटीवरचं 'बंधू' खरवडायचं आहे, शिडी घेऊन ये.

बोलणं बंद झालं. पण गाडी तर घ्यायलाच हवी. मेहुणा आणि साडू, दोघांनीही आपापली गाडी चाचणीसाठी दारात आणून लावली. चाचणीला वजन हवं म्हणून मावशीला चढवायचं ठरलं.

मावशी ही हिरवी, कमरेत रुंद, घरातली सगळ्यांत जड तिजोरी. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला आणली ती परत नेलीच नाही. आली आणि राहिली, म्हणून मावशी. वर्षानुवर्षं ती कारखान्याच्या कोपऱ्यात दार उघडं टाकून उभी होती. आत थोरल्याची बायको कांदे ठेवायची. मावशी आधी गेंड्यावर चढली, चढावावरून फिरून आली. मग महाबलीवर चढली, फिरून आली. दोन्ही गाड्यांना काही झालं नाही. हा निकाल कोणालाच मान्य नव्हता.

"गेंड्याचे मागचे पाटे बसले होते," थोरला भिंतीला म्हणाला.

"महाबली चढावर कण्हत होती," धाकटा चेनपुलीला म्हणाला. "आणि माझ्या वेळी कोणीतरी हँडब्रेक अर्धा ओढून ठेवला होता."

"रात्रीत कोणीतरी गेंड्याच्या टायरमध्ये हवा जास्त भरील," थोरला भिंतीला म्हणाला.

थोरल्याच्या बायकोने हे ऐकलं. ती पदर खोचून आली, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या हिसकावल्या, महाबलीच्या हौद्यात चढली, मावशीतले कांदे टोपलीत काढले, किल्ल्या आत ठेवल्या, दार ढकललं आणि आकड्यांची चकती गरकन फिरवली.

"आता उद्या सकाळपर्यंत कोणी काही करणार नाही," ती म्हणाली. "भाऊजी, तुम्ही पण. झोपा."

या घरात मौल्यवान वस्तू तिजोरीत ठेवायची हे दात घासण्याइतकं अंगवळणी पडलेलं होतं. त्यामुळे तिजोरी बंद झाल्यावर ती उघडायचीही असते, हे त्या वेळी कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

सकाळी मेहुणा आणि साडू गाड्या न्यायला आले. पेंटर शिडी घेऊन आला. चहा झाला. मग थोरला मावशीसमोर उभा राहिला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून धाकट्याकडे बघू लागला.

अण्णांचा एक नियम होता. घरातल्या कुठल्याही तिजोरीचे आकडे एकाला पूर्ण द्यायचे नाहीत. अर्धे थोरल्याच्या कानात, अर्धे धाकट्याच्या. एकाने फिरवताना दुसऱ्याने पाठ करून उभं राहायचं. मावशी आली तेव्हा अण्णांनी तिचेही आकडे असेच वाटून दिले होते, आणि पुढे तिच्यात कांदे भरल्यामुळे ते वापरायची वेळ आली नव्हती. थोरल्याला आपले आकडे पाठ होते. धाकट्यालाही असणार. पण बोलणं बंद होतं.

"त्याला सांग," थोरला बायकोला म्हणाला, "की ये."

"भाऊजी, हे म्हणतायत या."

"त्याला म्हणावं, नीट बोलव."

"अहो, ते म्हणतायत नीट बोलवा."

"मी ऐकलं! इथे फुटभरावर उभा आहे तो!"

शेवटी दोघे हौद्यात चढले. थोरला पुढे झाला. धाकटाही पुढे झाला. दोघांची टाळकी मावशीसमोर आपटली.

"माझे पहिले," थोरला म्हणाला. गेल्या काही दिवसांत तो धाकट्याशी थेट बोलला असं हे पहिलं वाक्य.

"तुझे कसे? अण्णांनी मला आधी सांगितले होते."

"मी थोरला आहे!"

"तिजोरीला माहितीये का ते?"

दोघेही अण्णांकडे धावले. अण्णा गेंड्याच्या पुढच्या सीटवर बसलेले होते. गाडी रात्रभर उघडीच होती. सकाळी उन्हात बसायला जागा शोधता शोधता त्यांना ती सापडली. पाय लांब करून, डोक्यामागे उशी घेऊन ते सुखाने डोळे मिटून पडले होते.

"अण्णा, मावशीचे पहिले आकडे कोणाचे?"

"मी रिटायर झालोय," अण्णा डोळे न उघडता म्हणाले.

"अहो पण—"

"काच वर करा. वारं येतंय."

काच वर झाली. मग थोरल्याच्या हट्टाप्रमाणे थोरल्याने आधी फिरवली, धाकटा पाठ करून उभा राहिला. मग धाकट्याने फिरवली, थोरला पाठ करून उभा राहिला. मूठ ओढली. मावशी ढिम्म.

"तू चुकीचे लावलेस."

"तू चुकीचे लावलेस."

पुन्हा लावले. मावशी ढिम्म. एव्हाना पेंटर चहा संपवून शिडीवर चढला होता. "दादा, सुरुवात करू का? दुपारी मला दुसरीकडे जायचंय."

"कर," थोरला तिरीमिरीत म्हणाला. वर पत्र्याच्या पाटीवर पेंटरची पट्टी खर्र खर्र वाजू लागली. 'बंधू' मधला 'बं' हळूहळू पोपडे होऊन खाली पडू लागला, आणि नेमका धाकट्याच्या खांद्यावर पडला. धाकट्याने तो झटकला नाही. वर बघितलं नाही. नुसता उभा राहिला. थोरल्याला ते दिसलं आणि त्याने पुन्हा एकदा मूठ उगाचच ओढून पाहिली.

मेहुणा घड्याळ बघत होता. "दाजी, मला गाडी परत न्यायचीये. एक करू. माझ्या ओळखीचा गॅस कटरवाला आहे. येईल, दार कापील, किल्ल्या काढील."

"हां, बेस्ट," साडू म्हणाला. मेहुणा आणि साडू यांचं त्या दिवशीचं हे पहिलं आणि शेवटचं एकमत.

"कटर?" थोरला म्हणाला.

"कटर?" धाकटा म्हणाला.

"आमच्या तिजोरीला, आमच्या दारात?" दोघे एकदम ओरडले. मेहुणा दोन पावलं मागे सरकला. "उद्या गावभर होईल, तिजोरीवाल्यांना स्वतःची तिजोरी उघडता येत नाही!" हे धाकटा म्हणाला. "आणि ती पण कांद्याची!" हे थोरला म्हणाला. मग दोघांच्या लक्षात आलं की आपण एकाच बाजूने भांडतोय, आणि दोघेही ओशाळून मावशीकडे बघू लागले.

वरून 'खर्र' झालं. 'धू' चा उकार पडला.

आता एकच गोष्ट करून बघायची उरली होती आणि ती काय, हे हौद्यातल्या दोघांना, खालच्या तिघांना आणि शिडीवरच्या एकालाही कळत होतं. थोरल्याला ती सर्वांत आधी कळली होती. पण लहानपणापासून पाण्याचा पहिला तांब्या, सायकलची पहिली चक्कर, आरशासमोरची पहिली जागा, सगळं थोरल्याचं. धाकट्याने आधी आणि आपण मागून, हे वाक्य त्याच्या जिभेला सवयीचं नव्हतं. ते घशातून वर आणायला त्याला चेनपुलीच लावावी लागली असती.

"तू," तो म्हणाला.

"काय मी?"

"तू आधी."

"नीट सांग."

"अरे तू आधी लाव ना, बाबा! मी मागून लावतो!" असं म्हणून थोरल्याने पाठ फिरवली आणि तो आकाशाकडे बघत उभा राहिला. मागे चकतीची कट्‌कट् ऐकू आली. मग धाकट्याने त्याच्या खांद्यावर टिचकी मारली. थोरल्याने आपले आकडे लावले. मूठ ओढली.

मावशीने जांभई द्यावी तसं दार उघडलं. आत दोन किल्ल्या होत्या आणि टोपलीत जायचा राहिलेला एक कांदा.

"उघडली का?" गेंड्याच्या काचेमागून अण्णांचा आवाज आला. "मग जेवायचं बघा कोणीतरी."

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं!" थोरला म्हणाला.

"पहिले आकडे थोरल्याला दिले असते तर तुम्ही कशाला एकमेकांशी बोलला असता?" अण्णा म्हणाले आणि उशी सारखी केली.

थोरल्याने दोन्ही किल्ल्या हातात घेतल्या. मन एकदम मोठं झालं होतं, ते लहान व्हायच्या आत वापरून टाकावं म्हणून तो घाईने म्हणाला, "धाकट्या, गेंडा घेऊ."

"छे, छे. दादा, महाबली. टॉर्क आहे तिला."

"पण पेलोडचं काय?"

"पेलोड गेला खड्ड्यात. तू म्हणतोस तर महाबलीच."

"मी म्हणतच नाहीये! मी गेंडा म्हणतोय!"

"मोठेपणा नको दाखवू, दादा!"

"मी दाखवतोय? मी?"

आवाज चढले. मेहुणा जिवाच्या आकांताने गेंड्याच्या विरुद्ध आणि साडू महाबलीच्या विरुद्ध बोलू लागला, पण आता त्यांचं ऐकणारं कोणी नव्हतं. थोरला गेंड्याच्या शिंगाची तारीफ करत होता आणि धाकटा महाबलीच्या कण्हण्यात ताकद असते असं सांगत होता. पेंटर शिडीवर हात थांबवून म्हणाला, "मी काय करू? उरलेला 'ध' ठेवू का?"

तेव्हा थोरल्याची बायको कांद्याची टोपली कडेवर घेऊन पुढे आली.

"भांडून झालं की सांगा," ती म्हणाली. "महाबलीत मावशी बसलीये. गेंड्यात अण्णा बसलेत. यातली एक गाडी आत्ता रिकामी करून परत द्यायची आहे. कुणाला उतरवता ते ठरवा."

साडूने जाऊन गेंड्याचं दार हलकेच उघडून पाहिलं. "अण्णा, जरा खाली येता?"

अण्णांनी एक डोळा उघडला आणि मिटला.

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने थोरल्याकडे. दोघांचाही आयुष्यभराचा अनुभव अवजड वस्तू हलवण्याचा होता. कुठली हलते आणि कुठली हलत नाही, हे त्यांना बघूनच कळे. थोरला चेनपुलीकडे गेला. धाकटा गाडीचा मागचा फाळका पाडून खालच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"हळू," थोरला म्हणाला.

"हळू, हळू," खालून धाकटा म्हणाला. आणि मावशी महाबलीतून उतरू लागली.

मेहुणा निळी गाडी घेऊन गेला. पुढे काही दिवस तो बहिणीकडे फिरकला नाही, मग जेवायच्या वेळी फिरकला. पेंटरने 'बंधू' नव्याने रंगवलं, पण जुना पिवळा रंग त्याच्याकडे नव्हता म्हणून त्याने तेवढंच लाल केलं. त्यामुळे हल्ली लांबून पाटीवर तेवढाच शब्द वाचता येतो, आणि नवीन गिऱ्हाइकं आत येऊन विचारतात, की तुम्ही नक्की विकता काय?