समोरून पदवीधर

मी एक काळा झगा बोलतोय. पदवीदान समारंभात घालतात ना, तसला. लगेच आदरानं उठून उभे राहू नका. समारंभ कसा असतो ते मी जन्मात पाहिलेलं नाही. मी फोटो स्टुडिओतला झगा आहे. आणि मला पाठ नाही.

खरोखरच नाही. पुढून बघाल तर गळा, बाह्या, घोळ, सगळं जिथल्या तिथे. मागे मात्र मोकळा वारा आणि दोन नाड्या. मला घातलेला माणूस समोरून पदवीधर आणि मागून बनियन.

त्याचं असं झालं. तेव्हा फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून फोटो काढायचे. आमच्या फोटोग्राफरनं त्यासाठी आणलेल्या कापडातला उरलेला तुकडा शेजारच्या शिंप्यापुढे टाकला आणि म्हणाला, “पदवीचा झगा शिवून दे.” शिंप्यानं गजानं मापलं आणि मान हलवली.

“यात माणूस बसत नाही. अर्धा बसतो.”

“कुठला अर्धा?”

“तुम्ही म्हणाल तो.”

“मग पुढचा शिव. कॅमेऱ्याला तेवढाच दिसतो.”

झाला माझा जन्म. मला बांधायची एक खास तऱ्हा आहे. नाड्या नुसत्या मागे गाठल्या तर गळा घसरतो आणि आतलं बनियन दिसतं. म्हणून डावी नाडी पाठीवरून नेऊन उजव्या काखेखालच्या फासातून ओवायची, पुन्हा डावीकडे आणायची आणि कमरेवर गाठ मारायची. शिंप्याची अक्कल. ज्यानं मला एकदा घातलंय त्यालाच ती ठाऊक.

पहिल्याच वर्षी फोटोग्राफरच्या सिगारेटनं मला डाव्या खांद्याखाली भोक पाडलं. शिंप्यानं मोडक्या छत्रीचं त्रिकोणी ठिगळ लावलं. काळ्यावर काळं, कुणाला दिसणार? पण छत्रीचं कापड चकाकतं. दिव्याचा झोत पडला की खांद्याखाली एक बारीकसा त्रिकोण उजळतो. माझी जन्मखूणच म्हणा ना.

माझ्या कृपेनं जितके पदवीधर झाले तितके विद्यापीठाच्या कृपेनं झाले नसतील. पास झालेले यायचे, नापास झालेले यायचे, विद्यापीठ कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक नसलेलेही यायचे. डोक्यावर चौकोनी टोपी पडली की मान आपोआप ताठ व्हायची. हातातली गुंडाळी म्हणजे गेल्या वर्षीचं कॅलेंडर.

त्या पोरांना मी दोष देत नाही. आपणहून फारच थोडे आले. बहुतेकांना बाप घेऊन यायचे. पोरगा घामाघूम, आणि बाप कोपऱ्यात उभा राहून फोटोग्राफरला सांगतोय, “जरा विद्वान दिसू द्या हो.” मोठ्या माणसांना पोराची विद्या नको असते, विद्येचा फोटो हवा असतो. तो पाहुण्यांना दाखवता येतो.

पुढे जमाना पालटला. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला. फोटोग्राफर वारला, त्याची मुलगी स्टुडिओ चालवू लागली आणि पासपोर्टच्या फोटोंवर भागू लागलं. मी कपाटावरच्या खोक्यात गेलो. शेजारी रंगवलेल्या गच्चीचा पडदा आणि कापडी गुलाबांचा गुच्छ. वीसेक वर्षं आम्ही तिघं धूळ खात होतो.

मग एका दुपारी स्टुडिओत एक मुलगी आली. एकविशीची असेल. केसांत लाकडाचा भुसा, एका बोटाला पट्टी. पासपोर्ट फोटो नको म्हणाली. पिशवीतून दोन तसबिरी काढून तिनं टेबलावर ठेवल्या.

“हा झगा तुमचा का?”

स्टुडिओवाल्या बाईंनी चष्मा चढवला. दोन्ही फोटोंत डाव्या खांद्याखाली तो त्रिकोण लख्ख दिसत होता. एका फोटोत मुलीचे आजोबा. दुसऱ्यात, पस्तीस वर्षांनंतरचे, तिचे काका.

“पाठीमागे शिक्का आमचाच आहे,” बाई म्हणाल्या. “पण तुला झगा कशाला हवा? पदवी मिळाली का?”

“सोडली. दुसऱ्या वर्षाला.”

“अगंबाई! आणि आता काय करतेस?”

“सुतारकाम शिकते. कारखान्यात.”

बाईंनी स्टूल पुढे ओढलं. मुलगी बसली आणि बोलायला लागली. तिला बहुधा महिनाभरात कुणी काही विचारलंच नव्हतं. वर खोक्यात मी कान टवकारले.

आजोबांच्या जन्माला शंभर वर्षं होणार होती. घरात सगळ्यांत मोठे काका, म्हणजे घरचे न्यायाधीश. त्यांनी ठरवलं, घराण्याच्या इतिहासाचं पुस्तक करायचं. माहिती कोण गोळा करणार? “ही आहेच की रिकामी.” घरात तिला नावच पडलं होतं अर्धवट. अर्धवट, पाणी आण. अर्धवट, चुलत आजोबांना फोन लाव. पहिल्या पानावर आजोबांचा झग्यातला फोटो आणि खाली काकांच्या अक्षरात एक वाक्य: या घराण्यात कुणीही शिक्षण अर्धवट सोडलेलं नाही.

“आणि पुस्तक उघडतील त्याच दिवशी माझ्यासमोर कॉलेजचा फॉर्म ठेवणारेत,” ती म्हणाली. “सगळ्यांदेखत सही करायची. नाही केली तर म्हणे जा, राहा त्या सुताराकडे. बाबा तर काय, मोठ्या भावापुढे तोंड उघडतील तर शपथ.”

“मग काय करणारेस?”

“माहिती गोळा करतेय. सांगितलंय ना त्यांनीच!”

आणि पोरीनं ती कशी गोळा केली होती! घरात एक गोष्ट जपमाळेसारखी फिरायची: आजोबांनी कोपऱ्यावरच्या सरकारी दिव्याखाली बसून अभ्यास केला. मुलीनं नगरपालिकेच्या दफ्तरात जाऊन जुनं रजिस्टर काढायला लावलं. त्या कोपऱ्यावर दिवा लागला तेव्हा आजोबा एकतीस वर्षांचे होते, दोन मुलींचे बाप. एका काकूनं सांगितलं, आजोबांना सुवर्णपदक मिळालं होतं. दुसरी म्हणाली, पदक नव्हे, शिष्यवृत्ती. चुलत आजोबा म्हणाले, “दोन्ही मिळालं होतं, पण त्यानं नम्रपणे नाकारलं.” थापांची नुसती चढाओढ! शेवटी ती विद्यापीठात गेली. तिथल्या कारकुनानं पास झालेल्यांच्या छापील याद्या तिच्यापुढे ठेवल्या. पुढची दहा वर्षं, मागची पाच. आजोबांचं नाव कुठेच नव्हतं.

“काकांचं?” बाईंनी हळूच विचारलं.

“तेही नाही,” मुलगी म्हणाली.

बाई उठल्या. जुन्या निगेटिव्हची पाकिटं त्यांच्या वडिलांनी तारखेनुसार लावून ठेवली होती. दोघींनी दुपारभर शिंका देत ती उपसली. आजोबांचं पाकीट सापडलं. वर तारीख मार्चची. मुलीनं वही उघडली.

“परीक्षा एप्रिलमध्ये होती.”

“म्हणजे आधी फोटो आणि मग परीक्षा?”

“वर आणखी एक तारीख आहे बघा. मोठा करून फ्रेम केला, तो आजोबा गेल्यावर वर्षभरानं.” मुलीनं ती तारीख वहीत उतरवली. “म्हणजे त्यांनी स्वतः हा कधी भिंतीवर लावलाच नव्हता.”

काकांचंही पाकीट निघालं. तेही निकालाच्या आधीचं. मुलीनं दोन्ही खिशात घातली. मग बाईंनी मला खाली काढलं, झटकलं आणि तिच्या अंगावर चढवलं. नाडी फासातून ओवून दाखवली. मुलीनं आरशात पुढून पाहिलं, मग वळून मागून पाहिलं आणि इतकी हसली की बाईंनाही हसू आवरेना.

“हा मला एक दिवस द्या,” ती म्हणाली.

असा मी ऐंशी वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या घरी गेलो.

आजोबांच्या शंभरीचा दिवस. घर माणसांनी भरलं होतं. मधल्या टेबलावर पुस्तकाचं हस्तलिखित, शेजारी कॉलेजचा फॉर्म, त्यावर पेन. खुर्चीत आजोबांची धाकटी बहीण, घरातल्या सगळ्यांची आत्याआजी. वय नव्वद. ऐकायला कमी येतं असं घरचे समजायचे. ती तसं समजू द्यायची.

काकांनी घसा साफ केला. “आपल्या घराण्यात,” त्यांनी सुरुवात केली, “अर्धवट काही नसतं.” आणि ते बोलतच राहिले. दिवा आला, पदक आलं, शिष्यवृत्ती नम्रपणे नाकारून झाली. दिव्याचं ऐकताना मुलीचे कान लाल झाले. मला वाटलं, आता ही पाकिटं काढते आणि टेबलावर आपटते. हात खिशात गेलाही होता.

पण तिनं पिशवीतून मला काढलं.

“काका, पुस्तकात तुमचा आत्ताचा एक फोटो हवा. घालता का? एका स्टुडिओतून आणलाय.”

काकांनी मला नाकासमोर धरलं. “असला नव्हता हो आमचा. आम्ही समारंभाला गेलो होतो. खुद्द कुलगुरूंच्या हातून...”

“हो, पण फोटोपुरता.”

फोटो म्हटलं की काकांचं पोट आत जातं. त्यांनी सदरा उतरवून बनियनवरच बाह्यांत हात घातले. मुलीनं बाबांच्या हातात फोन दिला. सगळे काकांकडे बघू लागले.

आणि मग ते घडलं. कुणी काही सांगितलं नव्हतं. काकांचा उजवा हात आपसूक पाठीमागे गेला, डावी नाडी त्यानं बरोबर पकडली, उजव्या काखेखालचा फास न बघता शोधला, नाडी ओवली, पुन्हा डावीकडे आणली आणि कमरेवर गाठ मारली. पंचेचाळीस वर्षांनंतर एका दमात. मान ताठ करून काका उभे राहिले.

काकूंनी विचारलं, “अहो, तुम्हाला कसं कळलं हे असं बांधायचं?”

काकांनी खाली पाहिलं. माझ्या खांद्याखालचा त्रिकोण पाहिला. मग भिंतीवरच्या आपल्या फोटोकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

पहिल्यांदा हसली ती आत्याआजी. आधी खांदे हलले, मग बोळकं उघडलं. “अरे, दादालाही अशीच बांधायला लागली होती! मी तिथेच होते की. टोपी मी धरली होती.”

“तुम्हाला ठाऊक होतं?” बाबांनी विचारलं. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं वाक्य.

“मला बरा विसर पडेल! आमच्या बाबांनी दादा पास झाल्याचं परीक्षेआधीच गावभर सांगून टाकलं होतं. फोटो काढून वाटलेसुद्धा. मग दादा परीक्षेला बसलाच नाही. म्हणाला, फोटो झालाय ना, आता परीक्षा कशाला? आणि गेला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला.”

“मलाही आजोबांनीच सांगितलं होतं,” एक आतेभाऊ पुटपुटला. “कुणाला बोलू नको म्हणाले होते.”

“मला पण,” काकू म्हणाल्या.

“मला पण,” चुलत आजोबा म्हणाले. आजोबांना पदक नाकारायला लावणारे ते हेच.

म्हणजे घरातल्या निम्म्या माणसांना ठाऊक होतं आणि प्रत्येक जण ते उरलेल्यांपासून लपवत होता! एवढी माणसं एवढी वर्षं एका फोटोला जपत बसली आणि एका पोरीला अर्धवट म्हणत राहिली. मला पाठ नाही, पण तेव्हा मला वाटलं, माझ्यापेक्षा यांचं कापड कमी पडलंय.

मुलगी तेव्हा बोलली. आवाज चढला नाही. “विद्यापीठातल्या त्या याद्या मी पाहिल्या. प्रत्येक यादीच्या तळाला छापखान्याचं नाव आहे. आजोबांच्याच. छत्तीस वर्षं पास झालेल्यांची नावं त्यांनी स्वतः जुळवली. स्वतःची एक ओळ सरकवायला कितीसा वेळ लागला असता? नाही सरकवली. माझ्या पुस्तकात पहिल्या पानावर ते लिहायचं होतं मला.”

मग काका हळूच म्हणाले, “माझा एकच पेपर राहिला होता.”

“कुठला?” आत्याआजीनं विचारलं. बहिरी म्हणे!

“इतिहासाचा.”

त्यानंतर जो हशा उसळला, त्यात बाबा सगळ्यांत मोठ्यानं हसत होते. काकाही हसले. आधी तोंडातल्या तोंडात, मग पोट धरून. माझी गाठ सुटायची वेळ आली.

हसू ओसरल्यावर काकांनी टेबलावरचा फॉर्म उचलला. फाडतील असं वाटलं. त्यांनी तो उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

“यावर लिही तुझं पहिलं पान,” ते म्हणाले. “दिवाबिवा काही घालू नकोस.” मग थोडा रुबाब परत आणून, “पण सुतारकाम तरी पुरं शिक. तेही सोडलंस तर?”

“तर काय, झगा घालून फोटो काढेन.”

“बाप रे,” काका म्हणाले. “अगदी आजोबांवर गेलीस.” तिला त्या दिवशी अर्धवट म्हणायचं सगळेच विसरले.

फोटो निघाला. पण मुलीनं काकांना पाठ फिरवून उभं केलं. ऐंशी वर्षांत माझा मागून काढलेला तो एकुलता एक फोटो. बनियन, नाड्या, कमरेवरची गाठ, आणि मान वळवून हसणारे काका. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आहे. पहिल्या पानावर आजोबा आहेत, छापखान्यात, शाईनं माखलेले. तो फोटो आत्याआजीच्या डब्यात निघाला.

मी पुन्हा स्टुडिओत आहे, पण खोक्यात नाही. मुलीनं मला एक लाकडी खुंटी करून दिली आहे. तिचं पहिलं काम. जरा तिरकी बसली आहे, पण पक्की आहे. बाईंनी मला दर्शनी भिंतीवर लावलंय, पाठमोरा. गिऱ्हाईक विचारतं, “हा उलटा का?” बाई म्हणतात, “सुलटाच आहे.”

आता म्हातारा झालोय. छत्रीचं ठिगळ तेवढं अजून चकाकतं. तुमच्याही भिंतीवर कुणीतरी ताठ मानेनं उभं असेल. त्याचं नाव घेऊन पोरांना झोडपण्याआधी एक करा. तसबीर खाली उतरवा, पुसा आणि एकदा मागून बघा. माणूस तिकडेच उभा असतो. बनियनवर, वारा खात.