अज्ञात वाहनाचा सत्कार

"देशाचं सैन्य आपल्या एकाही माणसाला कधी विसरत नाही!" मेजरसाहेबांनी माईकमधून ठणकावून सांगितलं. मंडपात टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच साहेब शेजारच्या सरपंचाकडे वाकून म्हणाले, "त्या मयत बाईंचं नाव काय म्हणालात?"

माईक चालूच होता.

"झुंबरबाई," पहिल्या रांगेतून उकंडराव म्हणाले. त्यांना आता राग येत नव्हता. संसारात बायकोचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं, 'ऐकलं काय वो' एवढ्यावर सगळं भागलं होतं. ती गेल्यापासून मात्र ते नाव त्यांनी दिसेल त्या टेबलापुढे उभं राहून घेतलं होतं.

घडलं होतं ते सोपं होतं. वडनेर भोलजीच्या अलीकडे, हायवेवर, भर दुपारी सैन्याच्या गाड्यांचा ताफा चालला होता. गाव रस्त्याच्या कडेला उभं राहून हात हलवत होतं, जयजयकार करत होतं. झुंबरबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडत होत्या. एका ट्रकनं त्यांना उडवलं. ताफा थांबला नाही. ताफे थांबत नसतात. मुद्दाम कुणी केलं नव्हतं, हे उकंडरावांनाही मान्य होतं. पण पोलिसांनी लिहिलं, 'अज्ञात वाहनाची धडक'. अख्ख्या गावानं ज्याला सलाम ठोकला, ते वाहन संध्याकाळपर्यंत अज्ञात झालं होतं.

पोलीस म्हणाले, हा सैन्याचा मामला. सैन्याकडून उत्तर आलं, रस्त्यावरचा अपघात म्हणजे पोलिसांचा मामला. उकंडरावांचं मागणं एकच होतं. आमच्या गाडीखाली ती गेली, असं त्यांच्यातल्या एका माणसानं तोंडानं म्हणावं. मग तिच्या वर्षश्राद्धाला पान वाढायला ते मोकळे.

आणि आज एकदाचा चौकशीला सैन्याचा माणूस आला होता. चौकशी खरं तर उकंडरावांच्या ओट्यावर व्हायची होती. पण फौजी साहेब गावात येतो आणि गाव त्याचा सत्कार करत नाही, असं कसं होईल? सरपंच गुलाबरावांनी सकाळीच मंडप टाकला, देशभक्तीची गाणी लावली.

"गुलाबराव, साहेब चौकशीले येऊन राह्यले," उकंडराव तेव्हा म्हणाले होते. "सत्कार कायचा?"

"उकंडभाऊ, आपल्या दारात फौज आली! चौकशी काय, चहासोबत होऊन जाईन."

"माह्या बायकोले मारलं त्याईनं."

"हाव ना. म्हणूनच त नारळ तुमच्या हातानं ठेवला."

सत्कार आधी व्हायचा होता, पण नांदुऱ्याला शाल आणायला गेलेला माणूस वेळेत परतला नाही, म्हणून साहेबांचं भाषण आधी उरकलं. आता शाल आली होती. गुलाबराव घडी उलगडू लागले, तशी उकंडरावांची थोरली बहीण भिमाबाई त्यांच्या कानाशी म्हणाली, "उद्या यम आला त हा गुलाब्या त्याच्या रेड्याले बी हार घालीन."

"आता झुंबरबाईंचे पती साहेबांना श्रीफळ देतील!" माईक म्हणाला.

उकंडराव गुडघ्यावर हात टेकून उठले, स्टेजवर चढले. फोटोवाला शेखर मोबाईल घेऊन समोर बसला. नारळ पुढे झाला. साहेबांनी तो धरला. उकंडरावांनी सोडला नाही.

"साहेब, गाडी तुमचीच होती ना?"

"काका, चौकशी सुरू आहे," साहेब मोबाईलकडे बघत म्हणाले.

"तेच करून राह्यलो मी."

साहेबांनी नारळ हळूच ओढला. पण पलीकडचे हात आयुष्यभर कासरा ओढत आलेले होते.

"हसा काका!" शेखर ओरडला. दोघंही हसले.

"सोडा काका. लोक बघताहेत."

"त्या दिवशी बी पाहूनच राह्यले होते. कोनाले काही दिसलं नाही."

साहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतून तेवढं उतरलं. वयानं ते उकंडरावांच्या मुलाएवढे होते. त्यांनी एकदा मंडपाकडे, एकदा गाणी बोंबलणाऱ्या स्पीकरकडे पाहिलं.

"हो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आमचीच होती. ड्रायव्हरनं त्याच दिवशी सांगितलं होतं."

हे ऐकल्यावर रडू येईल, असं उकंडरावांना वर्षभर वाटत आलं होतं. आलं नाही. आपले पाय फार दुखताहेत, एवढंच कळलं.

"माईकमधी सांगा ना, साहेब."

"माईकमध्ये सांगायची मला परवानगी नाही, काका."

उकंडरावांनी नारळ सोडला. साहेबांनी तो छातीशी धरला. टाळ्यांचा कडकडाट झाला. शेखरनं मोबाईल डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि मान हलवली.

"काका, फोटो हालला," तो म्हणाला. "नारळ वापस घ्या अन् एकडाव आखीन द्या ना."