मोहोळ उठलं त्या रविवारी

कामशेतहून पवनेकडे जाणारा रस्ता रविवारी सकाळी थोडा वेळ हर्षदाचा असायचा. मग तो पुण्याच्या गाड्यांचा व्हायचा. स्वरूला पहाटेचं पाजून, झोपेतच त्याला निलेशच्या कुशीत सरकवून ती मांजरीच्या पावलांनी घराबाहेर पडायची. सोसायटीच्या फाटकाबाहेर सायकलवर टांग टाकली की पहिल्या चढापर्यंत आपण कुणाची आई, कुणाची सून हे तिच्या ध्यानीमनीही नसायचं. चढ संपला की आठवायचंच. अंगच आठवण करून द्यायचं.

सासूबाईंचं सायकलशी वाकडं होतं असं नाही. त्या एवढंच म्हणायच्या, "जा हो, जा. आम्ही काय, सांभाळतोच."

सांभाळायला स्वरू सोपा नव्हता. दहा महिन्यांचं ते पोर बाटलीला तोंड लावायचं नाही. पावडरचं दूध तर पंख्यापर्यंत उडवायचं. गेल्या महिन्यापासून त्यानं माणसं ओळखायला सुरुवात केली होती, म्हणजे खरं तर माणसं नाकारायला. निलेशनं दाढी काढली तर स्वरू दोन दिवस बापाकडे फिरकला नाही. लांबून बघायचा आणि ओठ काढायचा. आई मात्र चालायची. आई पुरायची. हर्षदा कपड्यांच्या घड्या घालायला बसली की हा रांगत येऊन टॉवेल म्हणू नका, परकर म्हणू नका, जे हाती लागेल ते तिच्या तोंडावर ओढायचा. मग ती आतून विचारायची, "स्वरूची आई कुठं गेली बाई?" तो कापड खेचायचा. भॉक! तेवढ्यावर हसून हसून उलथापालथा. घड्या राहायच्या तशाच.

त्या रविवारी चार वाजता त्याचं बोरन्हाण होतं. सासूबाईंनी पंधरवडाभर मंद आचेवर परात हलवत काटेरी हलवा केला होता, त्याचे हार, मुकुट, बाजूबंद ओवले होते. बोटांची टोकं भाजली तरी बाजारचं आणलं नव्हतं. "आज तरी घरी थांबली असतीस," त्या आदल्या रात्री म्हणाल्या आणि लगेच पुढे म्हणाल्या, "मी काही बोलत नाहीये."

"साडेआठच्या आत येते, आई."

ती खरंच आली असती. पण बेडशाच्या फाट्याच्या अलीकडे नंदाबाई रस्त्यातच उभी होती.

नंदाबाईची ओळख दिवाळीनंतरची. चेन उतरली म्हणून हर्षदा तिच्या अंगणाशी थांबली होती, आणि नंदाबाईनं चेन सोडून सगळ्या गोष्टींची चौकशी केली होती. माहेर कुठलं, पोरगा का पोरगी, दूध पुरतं का. तेव्हापासून रविवारी सायकलची घंटी वाजली की ती गोठ्यातून हात वर करायची. आज हातात कुंकवाचा करंडा होता.

"खाली उतर. काल आमच्यात हळदीकुंकू झालं. तुला लय आठिवलं, पन तुजा नंबर कुटं हाय माज्याकडं?"

"मावशी, उशीर होतोय. आज बोरन्हाण आहे बाळाचं."

"मंग तर सवाष्णीला मोकळ्या कपाळानं पाठवतीया व्हय मी?"

हेल्मेटखालून जेवढं कपाळ सापडलं तेवढ्यावर तिनं हळदीकुंकू लावलं. तिळाची वडी तोंडात कोंबली. वाण म्हणून चहाची गाळणी दिली, ती हर्षदानं पाठीवरच्या खिशात खोवली. मग नंदाबाईनं कमरेची कुपी काढून दोन्ही मनगटांवर अत्तर चोळलं. वर गळ्यालाही बोट लावलं. "लेकीनं पुन्यास्नं आनलंय. खरं हाय, पान्याचं न्हाई."

हर्षदानं मनगट नाकाशी नेलं. मोगऱ्याचा असा दरवळ आला की तिला स्वतःचंच हसू आलं. घामाच्या टी-शर्टवर मोगरा! ती सायकलवर बसली, नंदाबाईला हात केला आणि थोडं पुढं मोरीजवळच्या उंबराखालून निघाली.

त्या उंबरावर आग्या मोहोळ होतं. नवं नव्हतं ते. सुपाएवढं काळं, लोंबतं. त्याच्याखालून ती कितीतरी रविवार गेली होती. गाव जायचं, दुधाची गाडी जायची. कुणी कुणाच्या वाटेला गेलं नव्हतं.

पहिली माशी मनगटावर बसली. तिला वाटलं, नुसती बसली आहे. तिनं झटकली. झटकायला नको होती, हे दुसऱ्या क्षणी कळलं, कारण तोवर कानाशी कुणीतरी मोठं कापड फाडावं तसा आवाज सुरू झाला होता. तिनं जोरात पेडल मारलं. एक माशी हेल्मेटच्या फटीतून आत शिरली आणि केसांत अडकली. डोक्याच्या आतच भुणभुण व्हावी तसं झालं. गळ्याखालचा चाप उघडेना. एका हातानं चाप, एका हातानं तोंड, मग हँडल कोण धरणार? सायकल आडवी झाली, ती मोरीच्या कठड्यापाशी पडली. पापणीवर, ओठावर, कानामागं निखारे टेकवत गेल्यासारखं वाटलं. ती ओरडली, तर जिभेवर काहीतरी आलं. तिनं तोंड मिटलं.

तेवढ्यात अंधार झाला.

जड, खरखरीत, मेंढरांच्या आणि धुराच्या वासाचा अंधार. नंदाबाई घोंगडीसकट तिच्या अंगावर येऊन पडली होती.

"हालू नगंस. तोंड गुडघ्यात घाल. हात आत घे, हात!"

"मावशी, दूध... तो बाटली घेत नाही..."

"गप ऱ्हा. घेईल न्हाई तर रडंल. तू आदी जित्ती ऱ्हा."

घोंगडीवर पाऊस पडावा तसे ठोके पडत होते. एखादी माशी कडेनं आत यायची, नंदाबाई "आई गं" म्हणायची आणि हर्षदाला आणखी आवळून धरायची. किती वेळ गेला कोण जाणे. आवाज विरळ झाला तेव्हा घोंगडीच्या आत फक्त दोघींचे श्वास आणि मोगऱ्याचा वास उरला. तो वास नाकात गेला आणि नंदाबाई एकदम ताठ झाली.

"अगं माज्या कर्मा," ती म्हणाली. "मीच लावलं की गं ते मेलं अत्तर."

तिचा मुलगा दत्ता पिकअप घेऊन आला. त्यानं दोघींना पुढच्या सीटवर चढवलं. सायकल रस्त्यावरच राहिली. कामशेतच्या डॉक्टरांनी काटे काढले, इंजेक्शनं दिली, दुपारपर्यंत समोर बसवून ठेवलं. नंदाबाईचा उजवा हात कोपरापर्यंत फुगला होता, पण ती डॉक्टरांना एकच विचारत होती, "हिनं लेकराला पाजलं तर चालंल का वो?"

"चालेल की. दुधातून काही जात नाही. खुशाल पाजा."

हर्षदानं ते वाक्य पदरात बांधल्यासारखं घरी आणलं. निलेश न्यायला आला होता. गाडीत तो तिच्याकडे बघत होता आणि बघत नसल्यासारखं करत होता. तिनं समोरचा आरसा खाली केला. डावा डोळा नव्हताच, तिथं एक फट होती. वरचा ओठ नाकाला लागला होता. एक गाल दुसऱ्या कुणाचा तरी होता.

"दोन दिवसांत उतरेल म्हणालेत," निलेश म्हणाला.

दाढीलाही दोनच दिवस लागले होते.

दार उघडताच स्वरूचं रडणं ऐकू आलं. तिच्या छातीत दूध दाटून दगड झाला होता. रडण्यानं ते आपोआप वाहू लागलं. तिनं हात पसरले. "ये, ये माझ्या राजा." सुजलेल्या ओठांतून शब्दही धड आले नाहीत. स्वरूनं तिच्याकडे बघितलं. एक क्षण रडायचा थांबला. मग आजीच्या खांद्यात तोंड खुपसून त्यानं जो टाहो फोडला तो याआधी तिनं कधी ऐकला नव्हता. तो भुकेचा नव्हता. तो तिला बघून होता.

ती हात पसरून तशीच उभी राहिली.

तिनं पुन्हा बघितलं. अंधार करून बघितलं, पाठमोरी बसून बघितलं, अंगाई म्हणून बघितली. अंगाईचा सूरही फुगलेल्या घशातून परका निघाला. प्रत्येक वेळी तो पोटात पाय घेऊन मागं सरायचा. सासूबाईंनी वाटी-चमच्यानं पाणी पाजलं, केळं कुस्करून दिलं, ते त्यानं थुंकलं. हर्षदाला वाटलं होतं त्या आता म्हणतील. आता नाही तर कधी म्हणणार? पण त्या थुंकलेलं केळं पुसत राहिल्या, आणि ते बोलण्याहून वाईट होतं.

न्हाणीघरात जाऊन तिनं दूध पिळून टाकलं. पांढरी धार मोरीत गेली तेव्हा ती पहिल्यांदा रडली. एका तासासाठी, तिला वाटलं. स्वतःच्या एका तासासाठी!

"बायकांना नको म्हणून सांगू का?" निलेशनं दाराबाहेरून विचारलं.

उत्तर सासूबाईंनी दिलं. "नको. त्याचं पहिलं आहे. ती बसेल मागं. तिचं घर आहे."

चार वाजता सोसायटीतल्या बायका आल्या. स्वरूला काळं झबलं घातलं, हलव्याचा मुकुट चढवला. रडून थकलेलं पोर पाटावर हुंदके देत बसलं. हर्षदानं काळी साडी नेसली आणि भिंतीला टेकून सगळ्यांच्या मागं बसली. बायका "अगंबाई!" म्हणत होत्या आणि मग पटकन हवेबद्दल बोलत होत्या.

तेवढ्यात दारात नंदाबाई. फुगलेला हात ओढणीच्या झोळीत, डाव्या काखेत बोरांची पिशवी. मागं दत्ता सायकल उचलून जिना चढत होता. पुढचं चाक वाकडं झालं होतं.

"आमच्या बांदावरची बोरं हायती," ती सासूबाईंना म्हणाली. "गोड हायती. आनि ताई, बोल लावायचा तर मला लावा. अत्तर मी लावलं तिला."

सासूबाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं. "बसा," त्या म्हणाल्या. "आधी चहा घ्या."

हर्षदाला ते सहन होईना. एवढ्या बायकांदेखत रडू फुटणार हे तिला कळलं आणि तिनं काळा पदर डोक्यावरून पुढं ओढला, पार हनुवटीखाली. आत अंधार झाला. मनगटावर मोगरा अजून होताच.

बाहेर काहीतरी खुळखुळलं.

खुळखुळ जवळ आली. हलव्याचे दागिने फरशीवर घासत, मध्येच थांबत, परत जवळ येत. कुणीतरी म्हणालं, "अगं, कुठं निघाला हा?" सासूबाई म्हणाल्या, "श्श. कुणी उचलू नका."

गुडघ्यावर एक ओला पंजा टेकला. हर्षदानं श्वास धरला. पदराला हिसका बसला, सुटला, पुन्हा बसला. पदराआड एकच माणूस असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते माणूस आता काय म्हणतं याची तो वाट बघत होता.

"स्वरूची आई," ती म्हणाली. आवाज फाटका, जाड, "कुठं गेली बाई?"

पदर खाली आला.

तिचा एक डोळा उघडा, एक मिटलेला. त्याचा ओठ निघू लागला. ती हलली नाही. मागं सरली नाही, पुढंही आली नाही.

"फॉक," ती म्हणाली. सुजल्या ओठांतून भॉक निघेना.

स्वरू तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं बोट पुढं करून तो फुगलेला ओठ दाबला. दुखलं. त्यानं परत दाबला. आणि हसला. मुकुट एका कानावर आला होता. त्यानं स्वतःच पदर उचलला, तिच्या तोंडावर टाकला आणि खेचला.

"फॉक."

पुन्हा.

"फॉक."

चौथ्यांदा पदर टाकून तो खेळ विसरला. पदराखालीच शिरला, हलव्याचे काटे तिच्या गळ्याला टोचवत, आणि झोंबाझोंबी करून त्यानं हवं ते शोधलं. आत त्याचे मोठमोठे घोट ऐकू येऊ लागले. बाहेर बायका बोरं, चुरमुरे, हलवा ओंजळीत धरून खोळंबल्या होत्या.

"घ्या, नवरदेव पंगतीला बसला," नंदाबाई म्हणाली आणि डाव्या हातानं डोळे पुसले.

"चालू द्या त्याचं," सासूबाई म्हणाल्या. "बोरं काय, नंतर टाकू." मग निलेशकडे वळल्या. "अरे, ती सायकल जिन्यात ठेवू नकोस, पोरं नासतील. आत आण. आणि चाक सरळ करून मिळतं का बघ, रविवारच्या आत."