हातभर आखूड

कातळवाडीला येणारा रस्ता लोकांनीच खोदला होता. मुळशीच्या तळ्याच्या काठाने निघून तो डोंगराला वळसे घालत वर यायचा, आणि वाडी डोळ्यांसमोर दिसायला लागली की एका जुन्या आंब्यापाशी एकदम उलटा फिरायचा. बैलगाडीला त्या वळणाचा त्रास नव्हता. जयसिंगची पिकप मात्र तिथे कधीच एका दमात वळली नाही. नाक डोंगराला टेकेपर्यंत पुढे घ्यायची, मग दरीच्या कडेपर्यंत मागे घ्यायची आणि पुन्हा पुढे. रोजचंच झालं होतं ते. मागे बसलेले लोक तेवढ्यात उतरून बिडी ओढून घ्यायचे.

लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली ती गाडी, तीन-चार मालकांकडून फिरत जयसिंगकडे आली होती. तो देहूरोडच्या डेपोत ड्रायव्हिंग शिकला होता. वाडीचं भात, कोळसा, हिरडा तो पौडाला न्यायचा आणि येताना मीठ, रॉकेल, पत्रे, आजारी माणसं, बाळंतिणी, जे असेल ते आणायचा.

श्रावणात एका दुपारी तो मोकळी गाडी घेऊन वर येत होता. आंब्यापाशी त्याने गाडी मागे घेतली आणि भिजून सैल झालेली कड मागच्या चाकाखालून सुटली. गाडी फार खाली गेली नाही. करवंदीच्या जाळीत आणि दोन ऐनांच्या खोडांत अडकून राहिली. जयसिंग बाहेर फेकला गेला होता. लोक पोचले तेव्हा तो गेलेला होता.

दिवसकार्य झालं. पाहुणे परत गेले. पाऊस उघडल्यावर वाडीने दोर लावून, बैल जुंपून गाडी वर ओढली आणि कोंडाजीच्या खळ्यात आणून उभी केली. कोंडाजी हा जयसिंगचा बाप. एक दरवाजा चेपला होता आणि काच गेली होती. बाकी काही झालं नव्हतं. गाडी आणणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "बगा, यंत्राला कायबी न्हाई झालं," आणि मग खाली बघून दोर गुंडाळायला लागलं.

कोंडाजीला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवसांत त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. तो वेळेवर उठायचा, गुरं सोडायचा, भात कापायला जायचा. जेवायला बसला की ताटातलं संपवायचा. बायकोने, चंद्राबाईने, आणखी वाढलं की तेही संपवायचा. भाजीत मीठ नाही हे तिला स्वतःला जेवताना कळायचं. लोक भेटायचे, पोराचं काढायचे, त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. तो त्यांच्याकडे बघत राहायचा. त्यांनी रडणं संपवलं की म्हणायचा, "चला, गुरं हायेत."

भात झोडून झालं तेव्हा वाडीची खरी अडचण सुरू झाली. पोती डोक्यावरून खालच्या रस्त्यापर्यंत न्यायची, तिथे कुणाच्या तरी गाडीची वाट बघायची. त्यात एक दिवस सुनेचा भाऊ आला. नथू त्याचं नाव, माले गावचा. जयसिंगबरोबर क्लीनर म्हणून फिरून फिरून गाडी शिकला होता. ओटीवर बसून खाली बघत तो म्हणाला, "मामा, गाडी हुबी ऱ्हाऊन गंजंल. तुमी म्हणत असला तर मी चालवतो."

कोंडाजी म्हणाला, "न्हाईतर मोडीत घालायचीच हाय. चालव."

चुलीपाशी त्याची बहीण, जयसिंगची बायको रंभा, भाकरी थापत होती. जयसिंग गेल्यापासून ती घरात फारसं बोललेली नव्हती. तिने परातीतले हात तसेच ठेवले.

"मामंजी, माझा भाऊ त्या गाडीत बसायचा न्हाई," ती म्हणाली. "आंब्यापाशी गाडी मागं घ्यावी लागती तवर न्हाई."

"मागं घेतल्याबिगर वळंल कशी ती?" नथू म्हणाला. "लांब हाय."

"मग आखूड करा."

रंभाने भाकरी तव्यावर टाकली आणि पाणी फिरवलं. "आमच्याकडं सुतारानं बैलगाडीचा आख कापून कमी करून दिला व्हता, अरुंद पांदीच्या वाटंसाठी. लोकंडाची झाली म्हणून काय, कापता येत नसंल का? इचारून तर बगा."

नथू हसला असता, पण तो बहिणीच्या तोंडाकडे बघून थांबला. कोंडाजी म्हणाला, "इचारतो." नाही म्हणण्यापेक्षा ते सोपं होतं.

पौडाला एस.टी. थांबते त्याच्या मागे पीरमहंमद मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. ट्रक, पंप, ऊस गाळायचे चरक, सगळं तिथे दुरुस्त व्हायचं. नथूने गाडी हळूहळू खाली आणली होती; आंब्याच्या वळणावर मात्र रंभाने त्याला उतरवलं आणि वाडीतल्या माणसांनी दोर धरून, ढकलत मोकळी गाडी वळवली. मिस्त्री गाडीखाली सरकला आणि बराच वेळ आतच राहिला. बाहेर आल्यावर हात पुसत म्हणाला, "कोंडाजीबाबा, चेसी म्हंजे गाडीचा कणा असतो. कणा कापून जोडायचा म्हणताय."

"हुईल का न्हाई?"

"हुईल. पण जोड वाईट झाला तर भरल्या गाडीचे उतारावर दोन तुकडे हुतील. मी न्हाई म्हणलो तर तुमी काय कराल?"

"घरी जाईन."

मिस्त्रीने त्याच्याकडे नीट पाहिलं. जयसिंगला तो ओळखत होता. मातीला आलाही होता. तो म्हणाला, "पुण्यात नेली तर गॅसनं कापतील, विजेनं जोडतील. ते तुमच्याच्यानं झेपायचं न्हाई. हितं करायचं तर सगळं हातानं. तुमाला राबावं लागंल."

"राबतो."

आधी मागचा, माल भरायचा हौदा उतरवला. मग उघड्या चेसीच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर, केबिनच्या मागे जिथे त्या सरळ होत्या तिथे, मिस्त्रीने खडूने तिरप्या रेघा मारल्या. सरळ उभा काप घेतला तर सगळा भार एका रेघेवर येतो, तिरपा घेतला तर तो वाटला जातो, असं त्याने नथूला सांगितलं. दोन रेघांमधलं हातभर लोखंड काढून टाकायचं होतं.

लोखंड कापायची करवत घेऊन कोंडाजी एका बाजूला बसला, नथू दुसऱ्या. नथू मधून मधून उठायचा, पाठ मोडायचा, चहा पिऊन यायचा. कोंडाजी उठायचा नाही. पातं मागे-पुढे, मागे-पुढे जात राहायचं, लोखंडाचा भुगा धोतरावर पडत राहायचा. पातं तुटलं की तो दुसरं लावायचा. त्याला ते काम बरं वाटत होतं असं नाही, पण करवत चालू असताना कुणी त्याच्याशी बोलायला येत नव्हतं. तो रात्री शेडमध्येच झोपायचा. आठवड्याच्या बाजाराला वाडीतलं माणूस आलं की घरून भाकरी यायची.

काप पूर्ण झाले तेव्हा गाडीचे खरोखर दोन भाग झाले. मागचा भाग चाकांसकट ढकलत पुढच्या भागापाशी आणला. मिस्त्रीने कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरक्या दोऱ्या धरून मापल्या. दोन्ही दोऱ्या सारख्या भरेपर्यंत मागचा भाग पहारीने इकडे-तिकडे सरकवला. कापून काढलेले तुकडेही वाया घालवले नाहीत. ते तापवून, ठोकून सपाट केले आणि जोडाला आतून पट्ट्या म्हणून लावायला घेतले. बाहेरच्या पट्ट्या भंगारातल्या दुसऱ्या गाडीच्या निघाल्या. इंजिनापासून मागच्या चाकांकडे जाणारा लोखंडी दांडा तेवढा पुण्याला न्यावा लागला. नथू तो खांद्यावर टाकून एस.टी.ने गेला आणि भवानी पेठेतल्या लेथवर आखूड करून घेऊन आला.

मग रिबिटा, जोडाचे जाड खिळे, ठोकायचं काम आलं. मिस्त्री भात्यावर रिबीट लाल करायचा, चिमट्याने भोकात घालायचा, आतून नथू जड हातोडा टेकवून धरायचा आणि बाहेरून कोंडाजीचा घण पडायचा. दुसऱ्या दिवशी एक रिबीट चिमट्यातून सुटून खाली पडली. तिची लाली गेली होती, ती काळी दिसत होती. कोंडाजीने वाकून ती हाताने उचलली आणि मिस्त्रीपुढे धरली.

"ही घ्या."

"बाबा!" मिस्त्री ओरडला. "टाका! टाका ती!"

कोंडाजीने हाताकडे पाहिलं. तळहातातून धूर निघत होता आणि वास येत होता. त्याने हात उघडला. रिबीट थोडी चिकटून मग पडली.

मिस्त्रीने त्याला धरून शेडमागच्या घरात नेलं. त्याच्या बायकोने, शाहजादीने, कोरफड कापली, गर काढून हातावर थापला आणि जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. बांधताना ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. "दुखत न्हाई का हो?"

"दुखत असंल," कोंडाजी म्हणाला.

तिने गाठ मारली. मग जरा रागानेच म्हणाली, "असंल म्हंजे काय? हात कुणाचा हाय? माझा का तुमचा?"

तिने चहा आणून दिला. तो त्याने डाव्या हाताने प्यायला आणि पुन्हा शेडमध्ये जाऊन बसला. त्या दिवशी मिस्त्रीने त्याला भात्याजवळ येऊ दिलं नाही. घण नथूने आणि मिस्त्रीने आळीपाळीने मारला.

हौदाही मागून तेवढाच कापावा लागला. सगळं परत चढल्यावर गाडी विचित्र दिसायला लागली. तोंड मोठं आणि अंग तोकडं. बाजारातली माणसं बघायला जमली. कुणी म्हणालं, बेडकी दिसतीया. मिस्त्रीने हौद्यात दगड भरले, भुकूमच्या बाजूला जाऊन आला, पुन्हा खाली सरकून प्रत्येक रिबिटीवर हातोडी मारून आवाज ऐकला. "पयल्या म्हैन्यात दर बाजाराला दाखवायला आणा," एवढंच तो म्हणाला.

गाडी वर न्यायच्या दिवशी कोंडाजी केबिनमध्ये नथूच्या शेजारी बसला. नथू म्हणाला, "मामा, आंब्याच्या अलीकडं उतरा. मी एकटा घेतो वर."

"चल तू."

"ताई मला काय म्हणंल?"

"चल म्हणतो न्हवं."

आंब्यापाशी रंभा उभी होती. एकटीच होती. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हातांत एक मोठा दगड, चाकामागे लावायला आणलेला. तिला बघून नथूने गियर बदलला आणि स्टेअरिंग पूर्ण फिरवलं. नाक डोंगराकडे गेलं. कोंडाजीच्या बाजूने काळी माती जवळ आली, मुळ्या दिसल्या, त्या खिडकीसमोरून सरकल्या. गाडी थांबली नाही. मागचं चाक कडेपासून चांगलं हातभर आत राहून फिरलं आणि समोर वाडीची छपरं आली.

नथू मोठ्याने "वळली!" म्हणाला आणि त्याने हॉर्न वाजवला. वाजवताच त्याच्या लक्षात आलं, आपण कुठे आहोत ते. त्याने हात काढून घेतला. रंभाने दगड बाजूला ठेवला, पदराला हात पुसले आणि ती गाडीच्या मागून चालत घरी आली. तिने बसायला नकार दिला.

संध्याकाळी चंद्राबाईने कोंडाजीला पाणी दिलं आणि समोर बसली. "वळली म्हणं."

"व्हय."

"एका दमात?"

"व्हय."

आत रंभा भांडी घासत होती, त्याचा आवाज येत होता. मग चंद्राबाई म्हणाली, "एक करवत अन् जुन्या पट्ट्या. एवढंच व्हतं. मग हे आधी का न्हाई केलं आपण?"

गाडी आली तेव्हापासून सगळी वाडी त्या वळणावर उतरत होती, बिडी ओढत होती, गाडी मागे जाताना बघत होती. तो स्वतः कितीदा तिथे उभा राहून "अजून घे, अजून घे" म्हणाला होता.

"सुचलं न्हाई," तो म्हणाला.

चंद्राबाईने मान हलवली. तिने त्याला दोष दिला नाही. "मला बी न्हाई सुचलं," ती म्हणाली, आणि ताट वाढून आणायला उठली.

त्याने भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. "आळणी हाय," तो म्हणाला.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. चंद्राबाईने लगबगीने मिठाचं मडकं आणलं आणि त्याच्या ताटात चिमूट टाकली.

सकाळी नथूने भाताची पोती भरायला घेतली. तोकड्या हौद्यात ती पूर्वीइतकी बसेनात. वाडीतल्या भिवाजीची चार पोती खळ्यातच राहिली आणि भिवाजी, जो इतका वेळ मुकाट्याने मदत करत होता, तो कुरकुरायला लागला की आता माझं कधी जाणार, बाजार काय माझ्यासाठी थांबतोय का.

कोंडाजीने हौद्याची फळी लावली, कडी घातली.

"दोन खेपा करू," तो म्हणाला आणि केबिनमध्ये जाऊन बसला.